अपिलाच्या न्यायाधीशाची पारख

महोदय,

अमेरिकेतील अनेक राज्यांत अपिलाच्या न्यायालयांचे न्यायाधीश मतदार निवडून देतात, याची आपल्याकडे बहुधा थट्टाच होते. माझी मुलगी उत्तर कॅरोलिना राज्यात मतदार असल्याने 2024 च्या निवडणुकीत हा विषय फोनवरून आमच्या घरी आला. राज्याच्या अपील न्यायालयातील 15 पैकी तीन जागांसाठी मतदान होते, मुदत आठ वर्षांची, आणि प्रत्येक उमेदवाराच्या नावासोबत पक्ष छापलेला. "बाबा, तुमची उभी हयात कोर्टात गेली, यांच्यात डावे-उजवे करायचे कसे?" असे तिने विचारले.

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होतो. अपिलात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एवढ्यावरच काम चालते. त्यामुळे "गुन्हेगारांचा कर्दनकाळ" अशी जाहिरात या पदाच्या उमेदवाराने करावी, हे मला गैरलागू वाटते. आमच्याकडचे एक न्यायाधीश सुनावणीआधीच उलटतपासाच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवत आणि वकील बोलत असताना नेमके तेच पान उघडत. दुसरे एक साहेब खालच्या निकालातले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून शेवटी "हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही" असे लिहून मोकळे होत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 31 नुसार अपिलाच्या निकालात मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्याची कारणे यावी लागतात. माझी फूटपट्टी तीच, आणि अमेरिकेत ती वेगळी असण्याचे कारण नाही.

म्हणून मी तिला निकाल वाचायला सांगितले. ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एका जागेसाठी पदावरील न्यायाधीश आणि वकील समोरासमोर होते. न्यायाधीशांचे निकाल वाचता येतात, वकिलाने अपिलांत दाखल केलेले लेखी युक्तिवादच पाहावे लागतात, आणि ही तुलना थोडी विषम आहे हे मान्य. तरीही हरणाऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा कोण टाळतो आणि कोण त्याला उत्तर देतो, हे दोन्हींत दिसते. तिथे तीन न्यायाधीश मिळून निकाल देतात, त्यामुळे भिन्नमत लिहिले असेल तर ते आधी वाच, असेही मी तिला सांगितले.

पक्षाचे नाव पाहून शिक्का मारण्यातला धोका त्याच राज्यात लगेच दिसला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी ॲलिसन रिग्ज 734 मतांनी पुढे राहिल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन स्वतः अपील न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांनी 60 हजारांहून अधिक मतांवर हरकत घेतली, ते प्रकरण त्यांच्याच न्यायालयातील सहकाऱ्यांसमोर गेले आणि तिथे 2 विरुद्ध 1 असा कौल त्यांच्या बाजूने लागला. पुढे संघीय न्यायालयात तो टिकला नाही व मे 2025 मध्ये ग्रिफिन यांनी पराभव मान्य केला. ग्रिफिन यांच्या बाजूने कौल देणाऱ्या त्या दोन न्यायाधीशांची कारणे कदाचित प्रामाणिक असतीलही, पण पक्षाचे चिन्ह घेऊन खुर्चीवर बसलेल्यांबद्दल ही शंका कायम राहते.

आपल्याकडे न्यायाधीश निवडून येत नाहीत आणि ते बरेच आहे. मात्र ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीची उच्च न्यायालयातील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात. तिथे नवे न्यायमूर्ती आले की वृत्तपत्रांत शाल-श्रीफळाचे छायाचित्र येते. त्यांनी आजवर दिलेल्या दोन-तीन महत्त्वाच्या निकालांचा सार त्याच बातमीत चार ओळींत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
सदर बझार, सातारा