तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईस, विमानाच्या तयारीबद्दल

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तोंडावर आभार मानले की तू "काहीतरीच काय काकू" म्हणतेस आणि दोन-दोन पायऱ्या चढून वर पळतेस. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, आता कुठे पळशील? शिवाय आमच्या वयाची, मुलं परदेशी असलेली माणसं पार्ल्यात गल्लोगल्ली आहेत. तू आम्हाला जे शिकवलंस ते त्यांच्याही कामी येईल.

आमचा अख्खा जन्म पार्ल्यात गेला. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे सुरू करायचं, हे इथल्या लहान मुलांनाही जमतं. पण स्वतः त्यात बसून आधी दुबई आणि मग तिथून सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातच सलग सोळा तासांच्या आसपास, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. लेकीचं बाळंतपण ठरलं आणि सल्ले सुरू झाले. हे नेऊ नका, ते काढून घेतात, अमुक ठेवलंत तर पकडतात. का, ते कोणी सांगेना. तू सहार विमानतळावरच्या काउंटरवरून रात्रपाळी करून यायचीस, डोळे तारवटलेले असायचे, तरी आमच्या दिवाणावर पाय दुमडून बसायचीस आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचीस. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात आधी डिंकाचे लाडू. बाळंतिणीसाठी ते मी नेणारच होते, त्यात तडजोड नव्हती. आजकालच्या मुली हसतात. तू हसली नाहीस. "काकू, लाडवात काय काय घालता ते एकेक सांगा," म्हणालीस आणि बोटं मोजायला लागलीस. खारीक, डिंक, बदाम, गूळ, तूप इथपर्यंत ठीक. खसखस म्हटल्याबरोबर तुझा हात थांबला. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजली जाते, आणि आमचं विमान बदलणार होतं दुबईलाच. सामान परस्पर पुढे जाणार असलं तरी ही जोखीम घ्यायची कशाला? बिनखसखशीचे लाडू मी आयुष्यात पहिल्यांदा वळले. चवीला उणेच लागतात, हे तुला म्हणून सांगते.

मग निघाल्या खोबऱ्याच्या वाट्या. मला वाटलं होतं, चार वाट्या टाकाव्या बॅगेत, तिकडे लागेल तसं किसता येईल. तू सांगितलंस की सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की कोंडलेल्या जागी उष्णता साठत जाऊन ते आपोआप पेटू शकतं. विमानाच्या मालात ते चक्क ज्वालाग्राही म्हणून गणलं जातं. म्हणून चेक-इनच्या, म्हणजे खाली विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत वाट्या दिसल्या की बॅग उघडायला लावतात. चाळीस वर्षं डब्यात ठेवलेलं खोबरं कधी पेटलं नाही, असं हे म्हणाले. तू शांतपणे म्हणालीस, "काका, तुमचा डबा पस्तीस हजार फुटांवर नव्हता ना."

पॉवर बँकेचं मात्र नेमकं उलटं. ती हातातल्या बॅगेतच हवी, खाली द्यायची नाही. लिथियमची बॅटरी बिघडून तापली तर वर विझवायला माणसं असतात, खाली सामानात कोण बघणार? १०० वॉट-अवरपर्यंत चालते, बॅटरीत वीज किती मावते त्याचं हे माप. जावयांनी दिलेली वीस हजार एमएएचची होती, ती तू कागदावर गुणाकार करून ७४ वॉट-अवर काढून दाखवलीस. गणिताचा तुझा हात चांगला आहे.

मेतकूट, गोडा मसाला, दाण्याची चटणी मी हातातल्या पिशवीत ठेवणार होते, फुटली तर डोळ्यासमोर असावी म्हणून. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिनच्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच ठेवून जावं लागतं. म्हणून सगळी पुडकी खाली गेली, प्रत्येकावर मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहून. लोणच्याची बरणीही खालीच, कारण तेलही द्रवच आणि हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वरचं काही चालत नाही. ताजा कढीपत्ता तर घरीच ठेवायला लावलास. संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते, आणि कॅलिफोर्नियात तर त्या बागाच बागा. आंब्यांचंही तेच. अमेरिकेने २००७ पासून आपला हापूस घ्यायला सुरुवात केली तरी तो विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून, तपासून जातो. आपण पेटीतून चार आंबे उचलून नेणं वेगळं. "विचारलं की खाण्याचं जे असेल ते सगळं सांगा, लपवू नका. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड," हे वाक्य यांनी डायरीत लिहून ठेवलंय.

यांचं इन्सुलिन हा माझा खरा घोर होता. ते कधीही खालच्या बॅगेत नाही, कारण तिथे गारठून गोठलं तर ते निकामी होतं, आणि बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर पुढचं बघायलाच नको. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ नावं, सुया, सगळं एका पारदर्शक पिशवीत. पण डोस किती वाजता घ्यायचा, हे मी विचारल्यावर तू सरळ म्हणालीस, "हे मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा." उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो, मग जेवण आणि इंजेक्शनची वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं. आपल्याला काय सांगता येतं आणि काय नाही, हे ओळखणारी माणसं कमी.

व्हीलचेअरला हे तयारच नव्हते. गुडघे दुखतात, पण कोणी बघितलं तर? तू त्यांना गुडघ्याबद्दल अवाक्षर बोलली नाहीस. म्हणालीस, "काका, दुबईला एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायला बरंच चालावं लागतं. व्हीलचेअर घेतली की वाट माहीत असलेला माणूस मिळतो, काकूंना बोर्ड शोधत फिरावं लागणार नाही." माझ्यासाठी म्हटल्यावर हे लगेच कबूल. मला बोर्ड चांगले वाचता येतात, पण तुझी युक्ती कळली म्हणून मी गप्प बसले. त्यासाठी विमान कंपनीला ४८ तास आधी कळवावं आणि पैसे लागत नाहीत, हेही तूच सांगितलंस.

विमानातली हवा दाबाने सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकी असते, हे ऐकून हे थक्क झाले. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे साधारण पाच हजार चारशे फूट. त्याहून उंच ठिकाणी सोळा तास बसायचं! चिवड्याची पाकिटं फुगली तेव्हा यांनी शेजारच्या प्रवाशालाही समजावून सांगितलं. हवा कोरडी, म्हणून पाणी पीत राहायचं. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसलं की पिंढरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून मधल्या वाटेलगतची जागा, तासा-दोन तासांनी एक फेरी आणि बसल्या जागी घोटे फिरवणं. यांनी ते इतकं मनावर घेतलं की हवाईसुंदरीने दोनदा विचारलं, काही हवंय का.

बाकी किरकोळ. यांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता, तेव्हा दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र. मुलीचा पत्ता कागदावर, फोनची बॅटरी गेली तरी हाताशी. प्रत्येकी दोन बॅगा, एकेकीचं वजन २३ किलो. तू आणलेल्या हुकाच्या काट्याला बॅग लटकवून "साडेतेवीस, काकू, चिवडा काढा" असं म्हणत होतीस तेव्हा चिवडा काढताना माझा जीव तुटला, पण काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडून बसलेली माणसं पाहिली आणि तो पुन्हा जागेवर आला. आणि तारीख! तिकिटावर १२ तारीख, पहाटे चारचं विमान, म्हणजे घरातून ११ च्या रात्रीच निघायचं. या एका गोष्टीपायी लोक दुसऱ्या रात्री सजूनधजून येतात, असं तू सांगितलंस. मी कॅलेंडरवर ११ ला लाल गोल केला होता.

तिकडच्या अधिकाऱ्याने विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगितलं. लाडवांचा डबा उघडून बघितला, वास घेतला आणि परत दिला. नात छान आहे, लेकीने लाडू संपवले.

आता एक काम. माझी बोरिवलीची मावसबहीण दिवाळीनंतर न्यूयॉर्कला निघाली आहे, तीही पहिल्यांदाच. तिला मी तुझा नंबर दिलेला नाही, तुझी झोप मोडायला नको. रात्रपाळी नसेल तो दिवस कळव, मी तिला घेऊन वर येते. तिने आत्ताच खोबरं आणून ठेवलंय.

तुझी,
तळमजल्यावरची काकू