हँडल लॉक फोडू नका, आधी साफ करा

महोदय,

बाजारातून दुचाकी चोरीला गेली की ‘हँडल लॉक लावायला विसरू नका’ असं पोलिसांचं आवाहन आपल्या पेपरात येतं. आवाहन रास्तच आहे. पण बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली ज्या जुन्या गाड्या उभ्या असतात, त्यातल्या कितीतरींचं हँडल लॉक लागतच नाही, त्याचं काय? मी दारव्हा-आर्णी भागातल्या बाजारांत चाव्या बनवायला बसतो, कुकर-छत्र्याही दुरुस्त करतो. जाम लॉकवाला माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं, “भाऊ, फोडून टाका ते लॉक, रोजचीच कटकट होऊन राहिली.”

फोडायला वेळ लागत नाही. पण बहुतेक वेळा त्या लॉकला काही झालेलंच नसतं, नुसती घाण साचलेली असते. चाबी जाते त्या गोल नळीत पितळेच्या बारीक पट्ट्या आणि त्यांच्यामागे स्प्रिंगा असतात. चाबीच्या खाचा सगळ्या पट्ट्यांना नळीच्या कडेशी बरोबर आणतात, तेव्हा नळी फिरते. एखादी पट्टी केसभर जरी वर राहिली, तरी ती अडते. आपल्याकडे उन्हाळाभर काळ्या मातीचा फुफाटा त्या भोकात जातो आणि मृगाच्या पावसात तिथेच त्याचा चिखल होतो. वरचं छोटं झाकण तर जुन्या गाड्यांचं कधीच तुटलेलं असतं. त्यात शेतातल्या मोटारीच्या पाइपाने गाडी धुताना धार नेमकी हँडलवर!

मग घरगुती इलाज सुरू होतात. कोणी जळकं ऑइल ओततं, कोणी खोबरेल तेल. जळक्या ऑइलला धूळ आणखी चिकटते. खोबरेल आज मोकळं वाटतं, पण पौषातल्या थंडीत बाटलीत थिजतं तसं लॉकमध्येही थिजतं, आणि सकाळी दूध घालायला निघालेला माणूस गाडीपाशी अडकतो.

खरा इलाज साधा आहे. हार्डवेअरच्या दुकानात गंज काढायचा स्प्रे मिळतो. त्याची बारीक नळी भोकात घालून मारा आणि चाबी न फिरवता नुसती आत-बाहेर करा. चाबीवर काळा राडा येईल, तो फडक्याला पुसा, पुन्हा मारा. चाबी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हेच करत राहा आणि मगच हलक्या हाताने फिरवून पाहा. इग्निशनच्या लॉकला हे करताना बॅटरीची वायर काढलेली बरी. पेट्रोलने धुणारेही पाहिले आहेत; वायरिंगजवळ तो खेळ नको. स्प्रे सुकला की मऊ पेन्सिलीच्या शिसाची भुकटी चाबीला चोळून आत घाला. हे शिसं कोरडं असतं, धूळ धरत नाही. मात्र त्यातून वीज वाहते, म्हणून इग्निशनमध्ये चिमटीपेक्षा कमीच.

हँडल लॉकची अडचण थोडी वेगळी असते. हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक केलं की आतली खीळ खाचेत बसते. गाडी उताराला उभी असेल किंवा हँडलला कोणाचा धक्का लागला असेल, तर सगळा भार त्या खिळीवर येतो आणि ती मागे सरकत नाही. लोक इथे चाबीवर जोर काढतात, काही तर पक्कड लावतात. डाव्या हाताने हँडल आणखी डावीकडे दाबा, किंचित मागे-पुढे करत राहा आणि त्याच वेळी उजव्या हाताने चाबी फिरवा. भार सुटला की खट्ट आवाज येतो.

पक्कड लावलेली चाबी मानेतून तुटते, मग लोक माझ्याकडे धावतात. आत राहिलेला तुकडा दुसऱ्या चाबीने ढकलू नका. नळी जिथे चाबी घातली जाते त्या जागेवर परत आणल्याशिवाय तो निघत नाही.

साफ करूनही फिरत नसेल तर घरातली दुसरी चाबी लावून पाहा. रोजची चाबी वर्षानुवर्षं झिजते. झिजलेल्या चाबीवरून डुप्लिकेट करून मागतात, तेव्हा मी तीही झिजलेलीच देणार, दुसरं काय?

राग येतो तो ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्या मिस्त्र्यांचा. इग्निशन जाम झालं की वायर कापायची, सीटखाली बटण बसवायचं, पैसे घ्यायचे. मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरताना ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत चाबी बंद केली म्हणजे ठिणगीचा करंट अर्थिंग होऊन गाडीच्या सांगाड्यात जातो, एवढंच. नुसत्या इग्निशनच्या चाबीने गाडी सुरक्षित होत नाही. हे चोरट्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे जुनी गाडी जागच्या जागी धरून ठेवतं ते हँडल लॉकच. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या, पासिंग करून पुढे चालवलेल्या गाडीला बहुधा नुसता थर्ड पार्टी विमा असतो. गाडी गेली तर त्यातून रुपया मिळत नाही.

पोलिसांना विनंती एवढीच, की पुढच्या आवाहनात ‘लॉक लावा’च्या जोडीला ‘लागत नसेल तर बाजाराआधी दुरुस्त करून घ्या’ हेही सांगावं. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आरसी बुकासोबत दुसरी चाबी मागून घ्यावी. हरवली म्हणाला तर भावात तेवढं कापावं.

– बाजारातला एक चाबीवाला,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ