आवाहन : वाचन-चाचणीसाठी चार शनिवार द्या

नमस्कार,

आमच्या मंडळाचा वाचनवर्ग पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होतोय. या वेळी पहिली मागणी वह्या-पुस्तकांची नाही. मुलांचं वाचन तपासणारी माणसं हवी आहेत.

गेल्या समारोपाला एका मुलीने गोष्ट घडाघडा वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. नंतर एका ताईंनी तिला त्याच पानावरच्या ‘विहीर’ शब्दावर बोट ठेवायला सांगितलं. बोट पानभर फिरत राहिलं. गोष्ट तिला पाठ होती! आमचा हजेरीपट भरलेला, अहवाल देखणा, आणि ती मात्र होती तिथेच. हे आम्हाला फार लागलं.

प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं, याच्या चार पायऱ्या अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या : लोकांना आवडलं का, ते शिकले का, शिकलेलं वापरतात का, आणि त्यातून काय बदललं. आम्ही पहिल्याच पायरीवर थांबलो होतो.

आता वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला द्यायचं. शेवटी पुन्हा तसंच, पण मजकूर नवा आणि तेवढाच अवघड. शिकवणाऱ्यांनी आपल्याच मुलांची चाचणी घेतली की नकळत शब्द पुरवला जातो, म्हणून बाहेरची माणसं हवीत. मध्येच वर्ग सोडलेल्या मुलांच्या घरीही जायचं आहे. टिकलेल्यांनाच तपासलं तर सरासरी उगाच वर दिसते. शाळेमुळे मुलं तशीही थोडी पुढे जातातच, तेव्हा ज्यांचा वर्ग नंतर भरणार आहे त्या तुकडीचीही चाचणी तुलनेसाठी त्याच दिवशी होईल.

सुरुवातीला दोन शनिवार, शेवटी दोन. आधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. शिक्षक असायलाच हवं असं नाही. मूल अडखळलं तरी शांत बसता आलं पाहिजे. त्याचा सराव आम्ही करून घेऊ.

देणगीदारांना एक कळकळीची विनंती. ‘फक्त मुलांच्या वस्तूंसाठी’ अशी अट घालू नका. रकमेतला थोडा भाग छपाई, प्रवास आणि नोंदींवर खर्च करू द्या. निकाल चांगला येवो वा वाईट, मुलांची नावं न देता तुम्हाला आणि पालकांना तो जसाच्या तसा कळवू.

नावनोंदणी रोज संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात. येताना कोणता शनिवार जमणार नाही, तेवढं ठरवून या.