सुमे, ते अठरा मिनिटांचं भांडण

कोरेगाव, 22 जून 2025

प्रिय सुमे,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला सात महिने उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघा पायऱ्या चढताना दुखतो. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

गेल्या रविवारी 2018 च्या दहावीच्या बॅचची एक मुलगी पेढे घेऊन आली. पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. झाली. चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारते, "बाई, तुम्ही अजून मुलींना पेपरच्या आधी कमरेवर हात ठेवून उभं करता?" म्हटलं, हो, याही मार्चला केलं. ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "बाई, ते नंतर टिकलं नाही."

ते 2012 चं टेडचं भाषण, अगं. वक्त्याला साधारण अठरा मिनिटं देतात आणि मग भाषण इंटरनेटवर टाकतात, त्या टेडच्या मंचावरचं. हार्वर्डच्या त्या एमी कडी बाईंचं. रात्री अकराला फोन करून मी तुला पाहायला लावलं होतं ते. दोन मिनिटं ताठ, पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, की शरीरातली संप्रेरकंच, म्हणजे हार्मोन्स, बदलतात आणि माणूस धीट होतो. मी ते तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं.

पोरगी निघून गेल्यावर रात्रभर वाचत बसले. मूळ प्रयोग 2010 चा, माणसं फक्त 42. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी 200 जणांवर करून पाहिला, तर संप्रेरकांत काहीच फरक नाही. अंगात बळ आल्यासारखं वाटतं, इतकंच काय ते उरलं. आणि 2016 मध्ये त्या मूळ प्रयोगाच्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. स्वतःच्याच कामाबद्दल असं लिहायला केवढं काळीज लागत असेल!

आणि मी 2014 पासून, परीक्षाच झाली नाही ते 2021 सोडून, दर मार्चला तेच करत राहिले. अकरा बॅचेस, सुमे. केंद्राच्या मागे पाण्याच्या टाकीशी पोरी ओळीने उभ्या. पॅड भिंतीला टेकवलेलं, हॉल तिकिटाची प्लॅस्टिकची पिशवी दातात धरलेली, कारण हात कमरेवर. मी घड्याळाकडे बघत दोन मिनिटं मोजायची.

2019 ची ती मुलगी तुला सांगितली नव्हती. गणिताच्या पेपरला बसली आणि सगळं विसरली. निकालाच्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणते, "बाई, मी नीट उभी राहिले नव्हते का?" आणि मी काय म्हणाले असेन? "पुढच्या वेळी आणखी ताठ राहा." नापास झाल्याचं ओझं होतंच, त्यावर नीट उभं न राहिल्याचा दोष मी तिच्या पदरात घातला. सात दिवस झाले, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

तू या भाषणांबद्दल म्हणायचीस, "अठरा मिनिटांत शेंगदाणे भाजून होतात, ज्ञान होत नाही." मी तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. वसंत व्याख्यानमालेत तू पहिल्या रांगेत बसून झोपायचीस, हे मात्र अजून कबूल करत नाहीस! पण तिथली एक गोष्ट आता पटते. व्याख्यान संपलं की ते धोतरवाले आजोबा उठायचे आणि वक्त्याला विचारायचे, "हे कशावरून?" सगळे हसायचे, पण वक्त्याला उत्तर द्यावं लागायचं. भाषण इंटरनेटवर आलं की आजोबा गळतात. अठरा मिनिटांत बसवायचं म्हणजे आधी काय कापलं जातं? माणसं किती होती, कुणाला हे आढळलं नाही, कुठे शंका आहे, तेच. शिवाय 2016 मध्ये एवढं होऊनही 2012 च्या भाषणातली ती बाई इंटरनेटवर अजून तितक्याच खात्रीने बोलतेय.

तरीही तुझं सगळं मी मान्य करणार नाही. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं 2010 चं भाषण आठव. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. ते दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सातवीची पोरं सायकलच्या दुकानातून नळी घेऊन आली. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले, काड्या खोचल्या. चौकोन हाताने दाबला की तिरका होतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. एक पोरगं वर्गाबाहेर धावत गेलं आणि पत्र्याच्या शेडची कैची बघून ओरडलं, "बाई, वरती सगळे त्रिकोणच आहेत!" ते भाषण नसतं तर मी तो धडा फळ्यावर काढून मोकळी झाले असते. स्वीडनच्या त्या आकडेवाल्या डॉक्टर हान्स रोसलिंगांचंही तसंच. 2006 मध्ये ते पडद्यावरच्या आलेखात देशांचे फुगे पळवत होते, पण आकडे कुठले ते सांगत होते आणि ते सगळ्यांना उघडे करा म्हणून भांडत होते.

म्हणजे बघ, गुप्तांचं म्हणणं माझ्या बाकावर दहा मिनिटांत तपासता आलं. त्या बाईंचं मला तपासता येण्यासारखं नव्हतं, आणि तरी मी ते मुलींच्या अंगावर करून पाहिलं. मला आवडलं म्हणून ते खरं धरलं. म्हणून ठरवलंय, भाषणं बघणार. पण वर्गात नेण्याआधी त्याचं पुढे काय झालं ते शोधणार, आणि शोधता आलं नाही तर नेणार नाही. नववीच्या पोरींना परवा ही सगळी हकिगत सांगितली. एकीने विचारलं, "मग बाई, पेपरच्या आधी काय करायचं?" मी म्हटलं, पाणी पी आणि सोपं गणित आधी सोडव. याला कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण माझ्या पंचवीस वर्षांच्या पेपर तपासणीत एवढंच दिसलंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीला म्हणावं, मावशीने पेढे ठेवलेत.

2019 च्या त्या मुलीचा पत्ता लागला. रहिमतपूरला शिवणकाम करते, जुलैच्या फेरपरीक्षेला पास झाली होती. पुढच्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. एकटीने जायला पाय उचलत नाही. शनिवारी रात्रीची गाडी पकडलीस तर सकाळी मी स्टँडवर उभी असेन.

तुझीच,
शालू