लॉकवायर

ऐरोली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय संद्या,

फोनवर नुसतं "झालं रे" म्हणून ठेवला, चिडला असशील. ड्रॅग रेसचं नंतर, आधी स्क्रूटिनीचं, म्हणजे रेसआधीच्या गाडीतपासणीचं ऐक.

रबाळे एमआयडीसीतल्या गॅरेजात महिनाभर रात्री जागून माझी यामाहा आरएक्स तयार केली. पोर्टिंग (इंजिनाची भोकं घासून मोठी करणं), कार्ब्युरेटरचं जेटिंग, नवा सायलेन्सर. आरसे, साइड स्टँड काढून टेम्पोत चढवली. वाटलं, हेल्मेट बघतील, स्टिकर लावतील, संपलं.

तपासणारे काका साठीच्या आसपासचे. माझ्या पोर्टिंगचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. "चालू कर," म्हणाले आणि हँडल सावकाश डावीकडे वळवलं. मुठीला कोणाचा हात नाही, तरी इंजिन किंचाळायला लागलं! अ‍ॅक्सिलरेटरची केबल मी नको तिथून ओढून घेतली होती. हँडल वळलं की ताणायची.

मग गुडघ्यावर बसून इंजिनाखालच्या, तेल सोडायच्या ड्रेन बोल्टवर टॉर्च मारला. "वायर कुठाय?" म्हणजे लॉकवायर: बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तार ओवायची आणि बांधायची अशी, की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला आवळायच्याच बाजूला ओढेल. माहीत होतं रे मला. पण एवढा करकचून आवळलाय, कुठे जातोय, म्हणून सोडलेलं. काका म्हणाले, "तेल तुझं सांडेल, पडेल मागचा." फॉर्मवर लाल फुली, दीड तासाची मुदत.

डोकंच फिरलं. पाम बीच रोड आठवला. रात्री दोनला वाशीहून बेलापूरकडे सुटायचो तेव्हा कोणी वाकून बघितलं होतं आपल्या गाडीखाली? तू तर चपलेवर असायचास.

शेजारच्या नाशिकच्या पोरांकडून ड्रिल मागितलं. दीड मिलिमीटरचे दोन बिट तुटले, तिसऱ्याने भोक पडलं. तार पिळताना बोटं सोलली. काकांनी ती चिमटीत धरून हलवून बघितली आणि काही न बोलता स्टिकर लावला.

तू अमेरिकेतल्या एनएचआरएचे, त्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेचे व्हिडिओ पाठवतोस ना, तिथे काका शोभले असते. त्यांच्याकडे सीटबेल्ट कितीही कोरा दिसो, दोन वर्षं झाली की बदला नाहीतर पुन्हा प्रमाणित करून आणा. ताशी २४० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीला पॅराशूट हवंच. आणि टॉप फ्युएलवाले, म्हणजे तिथल्या सगळ्यात वेगवान गाड्या, २००८ मध्ये रेसर स्कॉट कालिटा अपघातात गेला तेव्हापासून क्वार्टर माइल सोडून १००० फूटच धावतात.

हां, रेस. ४०२ मीटर, म्हणजे तोच क्वार्टर माइल. पहिली फेरी जिंकलो, दुसरीत हिरव्याच्या आधीच सुटलो. लाल दिवा, घरी.

पुढच्या रविवारी तुझी गाडी घेऊन ये. हँडल डावीकडे वळवून बघायचंय. आणि बूट घालून ये.

तुझा,
नित्या