आई-बाबा, या वेळी तुम्ही दोघंच जा

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

मी आणि मंदार भंडारदऱ्याला जाऊन आलो, ते फोनवर कानावर घातलंच होतं. मुलं आत्याकडे मजेत राहिली. पण मुख्य बोलायचं ते राहूनच गेलं. येत्या माघात तुम्ही दोघांनी तिथे जावं, असं मला फार वाटतंय. आम्ही नाही, दादा-वहिनी नाहीत, नातवंडंही नाहीत. तुम्ही दोघंच.

आईचा पहिला प्रश्न मला ऐकू येतोय: या वयात तंबूत झोपायचं? अगं, सहलीला मुलं जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात तसला तंबू नाही हा. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. सिमेंटचा उंच ओटा, त्यावर जाड दुहेरी कॅनव्हासची खोलीच उभी केलेली असते. आत खरा पलंग, गादी, रजया, दिवा, पंखा. मागच्या बाजूला पक्क्या भिंतींचं न्हाणीघर, कमोड आहे, गिझर आहे. बाबांना कुठेही उकिडवं बसावं लागणार नाही. ओट्याला तीनच पायऱ्या आहेत आणि कठडा आहे, मी मुद्दाम बघून घेतलं. पहाटे मात्र कॅनव्हासला आतून दव धरतं, बोट लावलं की ओघळतं. म्हणून कपडे आणि औषधांची पिशवी भिंतीला टेकवून ठेवू नका, मधल्या स्टुलावर ठेवा. पुढच्या पडवीत दोन वेताच्या खुर्च्या असतात आणि समोर थेट पाणी.

त्या पाण्यासाठीच लिहितेय खरं तर.

बाबा, तुम्ही प्रवरेच्या कालव्यावर नोकरी केलीत. ऑगस्टमध्ये पेपर आला की आधी ‘भंडारदरा भरले का’ ते बघायचात, मग बाकीचं. ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला असेल. तुम्ही धरणावर गेलात तेही ऑफिसच्या जीपमधून, साहेबांबरोबर, आणि संध्याकाळी परत. आई तर कधीच गेली नाही. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी सोडलं, की रात्री-अपरात्री दाराशी शेतकरी उभे असायचे, कुणाची पाळी हुकलेली, कुणाच्या चारीला पाणी चढत नाही, कुणाचा नमुना नंबर सातचा, पाणी मागणीचा अर्ज अडकलेला. तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर पडायचात आणि आई त्यांच्यासाठी चहा टाकायची. एकदाही तिने कुरकुर केलेली मला आठवत नाही. त्या चहाचं पाणीसुद्धा याच धरणातून आलेलं होतं, आणि ते जिथे साठतं ती जागा तिने पाहिलेली नाही, हे मला तिथे पडवीत बसल्यावर एकदम जाणवलं आणि मग चैनच पडेना.

आई, सकाळी पाण्यावर धुकं असतं. ते उठायला लागलं की समोर आधी रतनगडाचं नेढं दिसतं, डोंगराला आरपार भोक, त्यातून आभाळ. उत्तरेला कळसूबाई. १९१० साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. सगळं दगडी बांधकाम. बाबा तुला तिथे उभं राहून मोरी कुठे, विमोचक कुठे, सांडवा कुठे ते दाखवतील. ते मला कितीही समजावलं तरी अर्धंच कळतं. तुला सगळं कळेल, कारण हे शब्द तू घरात ऐकत आली आहेस.

जेवणाची काळजी करू नका. स्वयंपाक गावातल्याच बायका करतात. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात. तिखट बेताचं करा म्हटलं की करतात. तिथल्या एका मावशींनी मला चुलीमागे टांगलेली दुधीची वाळकी तुंबडी काढून दाखवली. आत राखेत घोळलेलं वालाचं बी होतं. हातावर ओतलं तेव्हा राखाडी दिसलं, पदराला पुसल्यावर चकचकीत तपकिरी झालं. आई, गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना तू टीव्हीवर बघून दिवसभर त्यांच्याबद्दल बोलत होतीस ना, त्यांचं कोंभाळणे याच अकोले तालुक्यात. तुझ्या परसातल्या घेवड्याचं थोडं बी बरोबर ने. त्या मावशींना फार आवडेल आणि त्यांच्याकडचं त्या तुला देतील.

अमृतेश्वराचं देऊळ बघायलाच हवं. रतनवाडीत आहे, रतनगडाच्या पायथ्याशी, आणि गाडी जवळपर्यंत जाते. बाहेरचं कोरीवकाम सकाळच्या उन्हात बघा. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या पायऱ्या बाबांनी उतरू नयेत, काठावरून छान दिसते. महाशिवरात्रीला तिथे खूप गर्दी असते, म्हणून मी त्याच्या आधीचे दिवस धरलेत. शनिवार-रविवारही टाळलाय. पाण्याकाठच्या काही तंबूंवर तेव्हा मध्यरात्रीपर्यंत स्पीकर लावतात. अशा जागी येऊन हे कुणाला का सुचावं, मला खरंच कळत नाही. काजवे बघायला मे-जूनमध्ये झुंबड उडते, तेव्हा तर नकोच.

माघात रात्री मृग नक्षत्र ऐन डोक्यावर असेल. बाबा, गच्चीवर तुम्ही आम्हाला व्याधाचा बाण दाखवायचात. दक्षिणेला खाली अगस्तीचा तारा दिसेल. श्रीरामपुरात आता दिव्यांपायी तो ओळखू येत नाही असं तुम्हीच म्हणत होतात. तिथे दिसेल.

आता व्यवहाराचं. गाडी आणि ओळखीचा ड्रायव्हर मंदार पाठवणार आहे, तो तिथेच मुक्कामाला थांबेल. बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले असा रस्ता आहे. राजूरला थांबून पेढे घ्या. पुढे रंधा धबधबा लागेल, पाणी सोडलेलं असलं तर पाच मिनिटं उतरा. कानटोप्या, स्वेटर, बाबांचा गुडघ्याचा पट्टा, आईच्या बीपीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. आई, दशम्या करत बसू नकोस, आदल्या रात्री नीट झोप. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. खर्चाचं बाबांनी काढायचं नाही, दादाने आणि मी मिळून ठरवलंय.

थोडी आगाऊ रक्कम भरली आहे. बाकीची रविवारपर्यंत भरायची आहे, तेवढ्यात होकार कळवा. फोन आईने करावा. बाबा ‘बघू’ म्हणतील.

तुमची,
शुभा