२१ जूनच्या संगीतोत्सवासाठी स्वयंसेवक हवेत

सदस्यहो, सप्रेम नमस्कार.

येत्या २१ जूनला संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत आपल्या फ्रेंच मंडळाच्या अंगणात 'फेत द ला म्युझिक' म्हणजे संगीताचा उत्सव आहे. फ्रान्समध्ये १९८२ साली हा उत्सव सुरू झाला. तिथली रीत आपणही पाळतो: कलाकार मानधन घेत नाहीत आणि ऐकणाऱ्यांना तिकीट नसते. त्यामुळे सगळी भिस्त आपल्या माणसांवरच आहे.

मदत इथे हवी आहे:
• दुपारी ३ पासून सतरंज्या, खुर्च्या मांडणे
• कलाकारांना वेळेवर मंचावर आणणे. हौशी, पहिल्यांदाच गाणारी मुले घाबरतात. त्यांच्याजवळ कुणी धीर देणारे असावे
• चहा-पाणी
• रात्री आवराआवर. या कामाला माणसे नेहमीच कमी पडतात, कृपया थांबा

पुण्यातला जून आहे, पाऊस येणारच. आला तर कार्यक्रम सभागृहात होईल. वाद्ये आधी आत न्यायची, खुर्च्या नंतर.

पहिल्या पातळीच्या विद्यार्थ्यांनीही नक्की यावे. फ्रेंच पाहुण्यांशी मोडकेतोडके का होईना, बोलायला मिळेल.

१५ जूनपर्यंत कार्यालयातल्या वहीत नाव, काम आणि वेळ लिहावी. ध्वनिक्षेपक रात्री ९ ला बंद होईल, शेजाऱ्यांना तसा शब्द दिला आहे.

– कार्यक्रम समिती